सगळ्यांच्या सोयीचा प्रिंटर

खोक्यावर पोपटाचं चित्र होतं. लाल, हिरवा, निळा, पिवळा, एका पोपटात जितके रंग कोंबता येतील तितके कोंबलेले. ते चित्र पाहताक्षणी शर्मिष्ठाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला काळा हवा होता. नुसता काळा.

तिच्या नवऱ्यानं, निरंजननं, खोका स्कूटरवरून उतरवून बैठकीच्या मधोमध आणून ठेवला होता आणि घामाघूम चेहऱ्यानं तो सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. सासूबाई शांताबाई कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. नणंद पिंकी नखानं चिकटपट्टी सोलायला बसली. सासरे यशवंतराव चष्मा पुसून खोक्यावरचं इंग्रजी वाचायच्या तयारीत होते.

"लेझर आहे ना?" शर्मिष्ठानं स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती.

"अवं, त्याच्याहून भारी आहे," निरंजन म्हणाला. "कलर आहे. फोटोसुद्धा निघते. अभिनव म्हणे, आजकाल काळा-पांढरा कोणी घेऊनच नाही राहिलं."

अभिनव म्हणजे निरंजनचा मावसभाऊ. तो विमा विकायचा. प्रिंटर आणला त्या सदर बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानाशी त्याचा संबंध एवढाच, की दुपारचा चहा प्यायला तो तिथं बसायचा. पण घरात एक खिळा जरी आणायचा असला तरी अभिनवला विचारल्याशिवाय आणायचा नाही, असा या घरचा रिवाज होता.

"मी लेझर म्हटलं होतं," शर्मिष्ठा म्हणाली. "महिन्याभरापासून म्हणून राहिली मी."

"हव, पण लेझरनं फक्त तुझं काम झालं असतं," निरंजन हसत म्हणाला. "यानं सगळ्यांचंच होते."

आत जाऊन तिनं कणकेला अशा काही बुक्क्या घातल्या की परातच सरकली.

महिनाभर तिनं काय कमी सांगितलं होतं? जेवायला वाढताना सांगितलं, स्कूटरच्या मागे बसून सांगितलं. एकदा तर करून दाखवलं. निरंजनच्या ऑफिसातून आलेल्या रंगीत छापील कागदावर तिनं ओलं बोट फिरवलं, रंग बोटाला लागला. मग झेरॉक्सच्या कागदावर फिरवलं, बोट कोरंच राहिलं. "हे पाहा," ती म्हणाली होती, "रंगीतवाल्यात पातळ शाई असते. लेझरमध्ये पूड असते, ती तापली की वितळते. सर्किटच्या रेषा त्या पुडीनं कागदावर छापायच्या, कागद तांब्याचा थर दिलेल्या पत्र्यावर पालथा घालायचा अन् वरून गरम इस्त्री दाबायची. पूड पत्र्याले चिकटते. मग पत्रा फेरिक क्लोराईडच्या पाण्यात टाकला की उघडं तांबं विरघळून जाते, पुडीखालचं तेवढं राहते. झालं सर्किट. शाईचं असं होत नाही. शाई चिकटतच नाही." निरंजन यावर "हव, हव" म्हणाला होता. रायपुरात हव म्हणजे हो. निरंजन मात्र समोरच्याचं वाक्य लवकर संपावं म्हणून हव म्हणायचा, हे तिला आठ वर्षांच्या संसारानंतर तरी कळायला हवं होतं.

त्याच्यापुरतं पाहिलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. तो नव्या राज्याच्या मंत्रालयात बाबू होता. राजधानी नवी, खुर्च्या नव्या, कॉम्प्युटर नवे, आणि साहेबांच्या टेबलावर जाणारा प्रत्येक कागद आता रंगीत. काळा-पांढरा कागद त्याच्या लेखी राजधानी भोपाळला होती त्या जुन्या जमान्यातला. आपल्या बायकोनं मुद्दाम जुनाट वस्तू मागावी, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

आणि काम तरी कुणाचं होतं? रायपूरजवळच्या अभनपुरच्या हिरालाल सेठचं. त्याच्या भाचीची शिकवणी शर्मिष्ठा घ्यायची, त्यातून ओळख. सेठची तिथं राइस मिल होती, आणि विजेच्या तीन फेजपैकी एक गेली की मिलच्या मोटरी जळायच्या. शर्मिष्ठाचा नागपूरचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा लग्नापासून कपाटात पडून होता. तिनं एक सर्किट बनवून दिलं. फेज गेली की ते मोटर खटकन बंद करायचं. त्याच्या रेषा तिनं बारीक ब्रशनं हातानं काढल्या होत्या. एक अख्खा हंगाम ती मोटर जळली नाही. मग हिरालालनं निरोप धाडला, "दीदी, ऐसे तीन और बनाओ, एकदम सेम टू सेम. अगले महीने के दूसरे इतवार को मेरा मिस्त्री चलाकर देखेगा. जम गया तो पूरी मिल का काम आपका, नहीं तो मैं इंदौर से मँगा लूँगा."

हातानं काढलेल्या रेषा सेम टू सेम येत नाहीत. म्हणून प्रिंटर. आठ वर्षांत तिच्या हाताला चव आहे असं पुष्कळजण म्हणाले होते, पण त्या हातांना येणारं खरं काम पहिल्यांदा कुणीतरी मागितलं होतं. ते हातचं गेलं तर या घरात दुसरं चालून येणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

प्रिंटरला कुंकू लागलं, वर अक्षता पडल्या. पहिला मान पिंकीचा. तिचं लग्न जमवणं चालू होतं, तेव्हा स्थळांना धाडायचे फोटो निघाले, गुलाबी साडीतले. मग यशवंतरावांनी महाराष्ट्र मंडळाच्या सभेचं निमंत्रण काढलं, त्याला चारी बाजूंनी वेलबुट्टी. मग शांताबाईंना देवीचा फोटो हवा झाला. मग शेजारच्या सत्यभामाबाई नातवाचा फोटो काढायला आल्या, त्यांनाही मोठ्या साईजमध्ये काढून दिला. शर्मिष्ठा चहा देत होती.

सगळे पांगल्यावर तिनं आपल्या सर्किटचं चित्र छापलं. छापलं सुंदर, खोटं कशाला बोला. रेषा केसासारख्या स्वच्छ. तिनं तो कागद पत्र्यावर पालथा घातला आणि इस्त्री फिरवली. कागद उचलला. पत्रा जसाच्या तसा, लखलखीत. तिनं परत तापवली इस्त्री, परत दाबली, अंगातलं सगळं बळ लावून दाबली. कागद करपला. रेषा कागदावरच, मख्खासारख्या.

"इस्त्री कमी गरम असन," निरंजन मागून म्हणाला.

"इस्त्री बरोबर आहे."

"मग पत्रा नीट घासला नसशील."

"पत्राही बरोबर आहे. प्रिंटर चुकीचा आहे. परत करून या."

"आता कसा परत होईन? खोका उघडला, पिंकीचे फोटो काढले. दुकानवाला काय म्हणन? अन् अभिनवले काय वाटन?"

"मले काय वाटते ते?"

पिंकी पलंगावर आपले फोटो मांडून बसली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची. ती म्हणाली, "भाभी, आप टेंशन बहुत लेती हो. ब्लैक तो इसमें भी है ना, फिर प्रॉब्लम क्या है?"

"प्रॉब्लम तुझ्या दादाले विचार," शर्मिष्ठा म्हणाली, आणि करपलेल्या कागदाचा बोळा करून तिनं तो पोपटाच्या खोक्यावर भिरकावला.

मग शांताबाई मध्ये पडल्या. "एवढं काय झालं वं? पोरानं हौसेनं आणला. घरात चांगली वस्तू आली त तोंड वाकडं करून राहिली तू."

"हौस त्यांची झाली, आई. काम माझं होतं."

"बाईच्या जातीनं जरा जुळवून घ्यावं."

शर्मिष्ठानं दात-ओठ खाल्ले. राग प्रिंटरचा नव्हताच. चुकीची वस्तू घरात येते, माणूस दोन दिवस चरफडतो आणि विसरतो. राग याचा होता की अभिनवला विचारलं, दुकानदाराला विचारलं, पिंकीला विचारलं फोटो निघतात तो घ्यायचा का, सासऱ्यांना विचारलं मराठी अक्षरं येतील ना, सासूबाईंना विचारलं टेबलावर बसेल ना. आख्ख्या घराची सभा भरली, ठराव पास झाला, आणि जिच्या कामासाठी प्रिंटर घ्यायचा होता तिला मात्र कुणी हाक मारली नाही. वर सगळ्यांना वाटत होतं की तिच्यावर उपकार झालेत.

ती रडली नाही. रडली असती तर घराला बरं वाटलं असतं, समजूत काढता आली असती. ती चप्पल घालून बाहेर पडली.

चालता चालता तिचं डोकं पुन्हा कामाला लागलं. झेरॉक्सच्या यंत्रात पूडच असते. म्हणजे घरच्या पोपटावर चित्र छापायचं, आणि मग त्या चित्राची झेरॉक्स काढायची, गुळगुळीत कागदावर. लांबचा रस्ता होता, पण रस्ता होता. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या मासिकांची चकचकीत पानं कापून घेतली आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेली.

"ये काग़ज़ मशीन में फँस जाएगा, मैडम," तो मान वर न करता म्हणाला. "साधे पे ले लीजिए."

"साधे पे मेरा काम नहीं होता."

"तो फिर नहीं होगा."

त्याच्यावरही ती उखडली. खरं तर त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण घरातला राग काढायला चौकात तोच सापडला होता. "फँसेगा तो मैं निकाल के दूँगी," ती म्हणाली. "नहीं निकला तो मैकेनिक मैं बुलाऊँगी. आप निकालिए, मैं यहीं खड़ी हूँ." आणि ती खरंच उभी राहिली, गिऱ्हाइकांच्या वाटेत, हातात पानं धरून. शेवटी पीडा टळावी म्हणून त्यानं एक पान हातानं यंत्रात सारलं. अडकलं नाही.

घरी येऊन तिनं इस्त्री केली, पत्रा पाण्यात भिजवला, बोटानं कागद चोळून काढला. खाली काळ्या रेषा तांब्याला घट्ट धरून बसलेल्या. तिच्या तोंडून "हां!" निघालं. पण पत्रा फेरिकमध्ये धुऊन, भोकं पाडून झाल्यावर वायरी जोडायची टर्मिनलची लांब पट्टी बसेना. पहिले पाय गेले, शेवटचा भोकाच्या बाहेर. झेरॉक्सनं चित्र जरासं फुगवलं होतं. इकडच्या टोकाला कळू नये इतकं, पण तिकडच्या टोकाला पाय हुकेल इतकं.

पुन्हा चौक. "भैया, इसको दो परसेंट छोटा कीजिए." तो वैतागला, पण त्यानं केलं. या वेळी जरा जास्तच लहान झालं. पुन्हा चौक. इकडे घरच्या प्रिंटरची काळी शाई संपत आली, कारण मंडळाच्या निमंत्रणाच्या वेलबुट्टीनं ती पिऊन टाकली होती. ते तिनं सासऱ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं, आणि यशवंतराव पेपरामागे गेले ते जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आले नाहीत.

गच्चीवरच्या मोरीत फेरिकचं तपकिरी पाणी हलवून हलवून तिची बोटं पिवळी पडली. दोन साड्यांवर डाग पडले, ते जन्मात निघायचे नव्हते. जिथं रेष तुटली तिथं तिनं पिंकीच्या नेलपॉलिशनं जोडली, न विचारता. विचारायची पद्धत या घरात नव्हतीच, तर तिनंच का पाळावी? खाली स्वयंपाक वेळेवर होत होता, शिकवण्या वेळेवर होत होत्या, म्हणून वर काय चाललंय ते बघायला कुणी आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी तीन बोर्ड तयार झाले. सेम टू सेम. तिनं बैठकीत वायर जोडून एक फेज काढली, मोटर तोडणारा रिले खटकन वाजला. दुसरा बोर्ड, खट. तिसरा, खट. निरंजन टीव्ही सोडून आला, तिन्ही बोर्ड उलटेसुलटे करून त्यानं पाहिले, आणि त्याचा चेहरा फुलला.

"पाहा! झालं ना याच्यावरच? उगाच चार दिवस तोंड फुगवून बसली होती."

शर्मिष्ठाच्या हातात सोल्डरिंगची तापलेली कांडी होती. ती तिनं आधी स्टँडवर नीट ठेवली, हे निरंजनचं नशीब. काय काय आलं तिच्या तोंडाशी! पण उद्या अभनपुरला जायला स्कूटर त्याची होती, आणि आज भांडण पेटलं असतं तर उद्या स्कूटर बिघडली असती. तिनं रागाचा घोट गिळला आणि बोर्ड जुन्या ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवले.

मिलमध्ये कोंड्याची धूळ उडत होती. हिरालाल सेठ खाटेवर बसला होता, आणि त्यानं खुर्ची मागवली ती एकच. ती निरंजनपुढे सरकवली. "बैठिए भैया." शर्मिष्ठा पिशवी घेऊन सरळ मोटरकडे गेली. सेठचा मिस्त्री शंकर थंड डोक्याचा, फार न बोलणारा माणूस होता. त्यानं एकेक बोर्ड जोडला, मोटर चालू केली आणि मुद्दाम एक फ्यूज उपटला. मोटर थांबली. दुसरा फ्यूज, पुन्हा थांबली. तिन्ही बोर्डांची त्यानं अशी परीक्षा घेतली आणि मग सेठकडे बघून अंगठा वर केला.

"वाह भैया," हिरालाल निरंजनला म्हणाला, "बढ़िया बनाया आपने."

निरंजननं नाही म्हणावं की नाही? तो खुर्चीत सैलावला. "बस, घर पे ही कर लेते हैं," तो म्हणाला. "अपना कलर प्रिंटर है ना, नया. उसी पे सब निकल जाता है."

"तो बाकी मोटरों के लिए बीस और चाहिए. कब तक दोगे?"

"अगले इतवार को ले लीजिए."

"नहीं बनेंगे," शर्मिष्ठा म्हणाली.

ती मोटरपाशी उभी होती, पण मिलचा पट्टा नुकताच थांबला होता, त्यामुळे ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं. निरंजननं डोळ्यांनी खूण केली, गप्प बस. तिनं ती पाहिली आणि गिळलेला सगळा राग वर आला.

"सेठजी, ये तीन उस प्रिंटर के भरोसे नहीं बने," ती म्हणाली. "उसपे मेरी ननद के फोटो निकलते हैं, और मंडल के निमंत्रण. ये बने हैं चौक की झेरॉक्स मशीन पे, चक्कर मार-मार के, दुकानवाले से लड़-लड़ के. तीन बन गए. बीस ऐसे नहीं बनेंगे. उसके लिए काला लेज़र चाहिए. मैंने महीना भर वही माँगा था, ये रंगीन ले आए, क्योंकि मुझसे किसी ने पूछा नहीं. अब मैं ख़ुद लूँगी. धान आने के पहले बीसों बोर्ड आपके यहाँ लग जाएँगे. और तारीख़ मुझसे पूछिए. बनाती मैं हूँ."

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता, आणि तो उतरवायची तिला मुळीच इच्छा नव्हती. हिरालालनं निरंजनकडे पाहिलं, हे खरं धरायचं ना, असं विचारल्यासारखं. निरंजन बुटांकडे बघत होता. शंकर मिस्त्री फ्यूज परत बसवत होता, तो कुणाकडेच न बघता म्हणाला, "दीदी का माल पक्का है, सेठ."

"धान के पहले?" हिरालालनं या वेळी शर्मिष्ठाला विचारलं.

"धान के पहले."

"तो ठीक है, दीदी. इंदौर वाले को मना कर देता हूँ."

परतीच्या रस्त्यावर स्कूटर निरंजन खड्ड्यांतून मुद्दाम घालतोय की काय असं तिला वाटत होतं. एका ट्रकला वाट द्यायला त्यानं गाडी कडेला घेतली, तेव्हा मान न वळवता तो म्हणाला, "चारचौघांत माही इज्जत काढायची काही गरज होती काय? घरी सांगता आलं असतं ना."

"घरीच सांगतलं होतं," शर्मिष्ठा म्हणाली. "महिनाभर. जेवताना सांगतलं, याच स्कूटरवर सांगतलं, बोट ओलं करून दाखवलं. घरी सांगून कोणी ऐकलं नाही, म्हणून आज अभनपुरात सांगतलं. इथं ऐकलं."

ट्रक निघून गेला. निरंजननं लगेच गाडी सुरू केली नाही. रस्त्याकडेच्या धुळीत पाय टेकून तो बसून राहिला, आणि मग उतरलेल्या आवाजात त्यानं विचारलं, "मग कोणता घ्यायचा म्हणते?"

हा प्रश्न ऐकायला तिनं महिनाभर कान टवकारले होते. तो ऐकल्यावर आपला राग निवेल असं तिला वाटायचं. राग काही निवला नाही. उलट एवढं सोपं होतं तर एवढे दिवस का लागले, म्हणून आणखीच भडकला.

"उद्या मी एकटी दुकानात जाऊन राहिली," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

"काहून? मी सोडून देतो ना तुले. आतसुद्धा काही बोलणार नाही."

"तुम्ही नाही बोलले तरी, तुम्ही आले का दुकानवाला तुमच्यासंगंच बोलते."